विरघळून जाणारा पेसमेकर

हृदयशस्त्रक्रियेनंतर ठोके नियमित राखण्यासाठी काही रुग्णांना तात्पुरता पेसमेकर लावावा लागतो. त्याच्या तारा नंतर छातीतून ओढून काढताना क्वचित जिवावर बेतते. चांद्रवीर नील आर्मस्ट्राँग यांना २०१२ मध्ये अशा तारा काढल्यावर अंतर्गत रक्तस्राव झाला व पुढे त्यांचे निधन झाले.

मग काढावेच लागणार नाही असे उपकरण घडवता येईल काय? अमेरिकेतील जॉन रॉजर्स व इगोर एफिमोव्ह यांच्या चमूने २०२१ मध्ये असा लवचीक पेसमेकर सादर केला. त्याची जाडी पाव मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी. त्यात बॅटरी नाही; ऊर्जा शरीराबाहेरून बिनतारी मिळते. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म पापुद्रा, मॅग्नेशियम व टंगस्टन हे शरीरद्रवात हळूहळू विरघळतात. वरचे आवरण पीएलजीएचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या कुळातले. पाच ते सात आठवड्यांत सारे शरीरात शोषले जाते.

हे प्रयोग प्राण्यांवर व दात्यांच्या हृदयऊतींवर झाले. आवरणाचे घटक व जाडी बदलून उपकरणाचे आयुष्य ठरवता येते. मात्र प्रत्येक रुग्णाचे हृदय सावरण्याचा काळ निराळा असतो. गरज संपण्यापूर्वी उपकरण निकामी होता कामा नये, हीच या संशोधनाची खरी कसोटी होय.