पौरुषग्रंथीची वाढ आणि एका दिवसाची शस्त्रक्रिया

कळव्याहून मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये शौचालय नसते, ही गोष्ट तरुणांच्या ध्यानातही येत नाही. परंतु साठी उलटलेल्या ज्या गृहस्थास तासातासाने लघवीची भावना होते, त्याच्या साऱ्या दिनक्रमाचा बंदोबस्त याच एका गोष्टीवर अवलंबून राहतो. मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गास वेढून असलेली पौरुषग्रंथी, जी तारुण्यात अक्रोडाएवढी असते, ती वयोमानाने वाढून तो मार्ग आवळू लागते. सुश्रुतसंहितेतील ‘वाताष्ठीला’ या व्याधीचे वर्णन मला याच्याशी निकटचे वाटते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे, कारण त्या भयाने कित्येक जण वर्षानुवर्षे मौन धरतात.

औषधांनी गुण न आल्यास दुर्बिणीद्वारे ग्रंथी आतून खरवडून काढतात, व त्यासाठी रुग्णास बहुधा एकदोन दिवस दाखल राहावे लागते. उलट ग्रंथीत काही सेकंद पाण्याची वाफ सोडण्याच्या, अथवा बारीक रोपणांनी तिचे भाग बाजूस ओढून धरण्याच्या पद्धतीत निवडक रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मात्र वाफेनंतर लघवीची नळी काही दिवस ठेवावी लागते आणि पूर्ण गुण येण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती परस्पर बंद न करता डॉक्टरांस आधी कळवावीत.

कळव्यातच महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. लघवी अकस्मात पूर्ण अडल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.