हॅलिबट पायाशीच असतो

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पुळणींवर तांबडं फुटायच्या सुमारास एखाददुसरी आकृती हमखास दिसते. घोटाभर पाण्यात उभा माणूस, हातात आठ-नऊ फुटी काठी, कमरेला छोटी पिशवी. आमिषाची बादली नाही, घडीची खुर्ची नाही, काठी रोवून ठेवायला वाळूत खोचलेली नळीही नाही. तो गळ फेकतो, सावकाश ओढून घेतो, चार पावलं पुढे सरकतो, पुन्हा फेकतो. कोकणात आपण गरवायला बसतो. इथे बसून चालत नाही, कारण ज्या माशासाठी ही पहाटेची पायपीट चाललेली असते तो स्वतःच बसून असतो. दोघांपैकी एकाने तरी चालायला हवं.

## कुठला हॅलिबट

हॅलिबट म्हटल्यावर अलास्कातल्या धक्क्यावर टांगलेला, माणसापेक्षा मोठा मासा डोळ्यांपुढे आला असेल, तर तो बाजूला ठेवू. तो पॅसिफिक हॅलिबट. दोनशे किलोच्या पुढे जाणारा, थंड आणि खोल पाण्यातला. त्याच्यासाठी बोटच लागते. आपला मासा कॅलिफोर्निया हॅलिबट, शास्त्रीय नाव पॅरालिक्थिस कॅलिफोर्निकस. उत्तरेला वॉशिंग्टन राज्यापासून दक्षिणेला मेक्सिकोतल्या मॅग्डालेना उपसागरापर्यंत त्याचा वावर आहे. या जातीचा विक्रमी मासा 2011 मध्ये सांता रोझा बेटापाशी मिळाला, सुमारे साडेतीस किलोचा. पुळणीवरून लागणारे बहुतेक मासे दीड-दोन फुटांचे, आणि त्यातलेही बरेचसे परत सोडावे लागणारे. हे आधीच सांगितलेलं बरं.

## लेप्यासारखा, पण दातांचा

चपटा मासा मराठी माणसाला नवा नाही. मालवणातला लेपा, गोव्यातला लेपो तव्यावर उलटताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. आपल्या समुद्रातला भाकस तर इंग्रजीत ‘भारतीय हॅलिबट’ म्हणूनच ओळखला जातो, आणि त्याचं मोठं, दातेरी तोंड पाहिलं की कॅलिफोर्नियातल्या माशाची कल्पना येते.

पिल्लू असताना हॅलिबट इतर माशांसारखाच उभा पोहतो. दोन बाजूंना दोन डोळे असतात. थोडा मोठा झाला की एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा कायमचा एका कुशीवर होतो. त्याचं कूळ डाव्या बाजूला डोळे असणाऱ्यांचं, पण त्याच्या जातीतल्या दर दहांपैकी चारेक माशांचे डोळे उजवीकडे असतात. पाठीकडची बाजू वाळूच्या रंगाची, आणि तो रंग वाळू पाहून बदलतो. खालची बाजू पांढरी. कल्ल्यांची नि परांची हालचाल करून तो अंगावर वाळू ओढून घेतो. बाहेर राहतात ते फक्त डोळे.

गळवाल्याच्या कामाची गोष्ट एवढीच की हा मासा शिकारीमागे लांबवर धावत नाही. डोक्यावरून काहीतरी गेलं की खालून झेप घेतो. म्हणजे त्याला शोधून आमिष त्याच्या डोक्यावरून न्यायचं काम आपलं.

## तांबडं फुटतानाच का

पहिलं कारण उजेडाचं. अंधुक प्रकाशात थवा करून राहणाऱ्या लहान माशांना शिकारी नीट दिसत नाही; वाळूत पडून वर पाहणाऱ्या हॅलिबटला मात्र उजळत्या आभाळावर त्यांची काळी आकृती स्पष्ट दिसते. हा तासाभराचा काळ शिकाऱ्याचा. दुसरं कारण वाऱ्याचं. या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पाणी चुरगळतं, वाळू ढवळते. पहाटे पाणी काचेसारखं असतं. तिसरं कारण माणसांचं: सूर्य वर आला की फळ्या घेऊन लाटांवर स्वार होणारे येतात, मग पोहणारे, मग मुलं. पायाखाली वर्दळ वाढली की उथळातला हॅलिबट आत सरकतो.

मे-जूनमध्ये निसर्ग थोडी सवलत देतो. त्या दिवसांत थंड समुद्रावर ढगांचा पातळ, सपाट थर साचतो आणि कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही. तिथले लोक त्याला ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ म्हणून नावं ठेवतात. सुट्टीला आलेल्यांचा हिरमोड होतो; गळवाल्याची पहाट मात्र नऊ-दहापर्यंत लांबते.

## ग्रुनियनच्या रात्रीनंतरची सकाळ

वसंतात हॅलिबट अंडी घालायला उथळ पाण्याकडे येतात आणि त्याच दिवसांत त्यांचं खाणंही किनाऱ्याला लागतं. मांदेलीच्या भावकीतला अँचोव्ही, टॉपस्मेल्ट, आणि सगळ्यांत नवलाचा ग्रुनियन.

ग्रुनियन वीतभराहूनही लहान, चंदेरी मासा. मार्च ते ऑगस्ट, पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या काही रात्री, भरतीचा जोर ओसरू लागला की हे मासे लाटेबरोबर चक्क वाळूवर चढतात. मादी शेपटीने वाळूत उभी घुसते आणि अंडी पुरते, नर तिच्याभोवती वेटोळं घालतो, पुढच्या लाटेबरोबर दोघं परत. अंडी ओल्या वाळूत दहा-बारा दिवस पडून राहतात आणि पुढच्या उधाणाचं पाणी पोचलं की फुटतात. हा सोहळा बघायला लोक रात्री बॅटऱ्या घेऊन जमतात.

आता भरती-ओहोटीचं गणित बघा. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळ-संध्याकाळ, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. कॅलिफोर्नियात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. उन्हाळ्यात मोठी भरती रात्री येते आणि सर्वांत खोल ओहोटी पहाटेच्या सुमारास. म्हणजे ग्रुनियन रात्री येऊन जातो, पहाटे पाणी लांब गेलेलं असतं, आणि तांबडं फुटताना ते परत चढू लागतं. रात्रीच्या गर्दीतले मागे रेंगाळलेले ग्रुनियन उथळातच असतात. हॅलिबटही. मला विचाराल तर वर्षातल्या दोन-तीनच सकाळी उठायची ताकद असेल, तर त्या याच असाव्यात.

## वाळू वाचणं

खरी विद्या ही. काठी, रीळ, गळ हे सगळं दुकानात मिळतं.

सपाट दिसणारी पुळण सपाट नसते. किनाऱ्याच्या उतारापलीकडे, किनाऱ्याला समांतर एक पन्हळ असते, तिच्यापलीकडे वाळूचा दांडा, कधी त्याही पलीकडे दुसरी पन्हळ. लाट दांड्यावर फुटते, पन्हळीवरून नुसती फेस घेऊन सरकते आणि काठाशी पुन्हा फुटते. दोन फुटणाऱ्या पट्ट्यांमधला तो शांत, जरा गडद पट्टा म्हणजे पन्हळ. लहान मासे तिच्यातून किनाऱ्याला धरून ये-जा करतात आणि हॅलिबट तिच्या कडेवर, जिथे उतार बदलतो तिथे, दबा धरून असतो. ही पन्हळ पुष्कळदा किनाऱ्यापासून दहा-पंधरा पावलांवर असते. कधी त्याहूनही जवळ.

दांड्याला मधूनमधून खिंडी असतात. लाटांनी आत आणलेलं पाणी तिथून परत जातं. पोहणाऱ्याच्या जिवावर उठणारी ओढ ती हीच. तिथे लाट फुटत नाही, पाणी गढूळ दिसतं, फेस समुद्राकडे वाहतो. या वाटेने लहान मासे आणि वाळूतले किडे ओढले जातात, म्हणून तिच्या दोन्ही कडा बघाव्यात. कडा, मधली ओढ नव्हे. आणि कमरेइतक्या पाण्यात तर मुळीच उतरू नये.

हे सगळं पहाटेच्या अंधारात दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी किंवा आधीच्या आठवड्यात मोठ्या ओहोटीला येऊन पुळण पाहून ठेवायची. कुठे डबकं उरतं, कुठे दांडा तुटतो, कुठे खडकाचं टोक वर येतं. तिथल्या जीवरक्षकांच्या मनोऱ्यांवर आकडे असतात. ‘अमक्या मनोऱ्याच्या उत्तरेला वीस पावलं’ अशी खूण लिहून ठेवली की अंधारात चुकत नाही. मात्र एका मोठ्या वादळी लाटेनंतर नकाशा बदलतो आणि वही पुन्हा कोरी होते.

खाड्यांची मुखं आणि दगडी बांधांच्या बाजूही चांगल्या, कारण हॅलिबटची पिल्लं खाड्यांच्या शांत पाण्यात वाढतात.

## गळाला काय लावायचं

दुकानात रंगांची जत्रा भरलेली असते. ते रंग माशांपेक्षा माणसांना जास्त पकडतात असं माझं मत आहे. कामाचे प्रकार दोन.

एक, लांबट, कडक, प्लॅस्टिकचा खोटा मासा. ओठाशी छोटी जीभ असते, तिच्यामुळे ओढताना तो थोडा बुडतो आणि डुलतो. लकी क्राफ्ट कंपनीचा फ्लॅश मिनो 110 या किनाऱ्यावर एवढा रुळला आहे की बरेच जण सगळ्याच अशा आमिषांना त्याच्याच नावाने हाक मारतात. 110 म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. पाणी उथळ, स्वच्छ आणि शांत असेल तेव्हा हा. त्याचे तीन तोंडांचे गळ बोटात आणि सोडायच्या माशात सारखेच रुततात. काटे पकडीने दाबून टाकावेत किंवा एकेरी गळ बसवावेत.

दोन, मऊ रबरी मासा, तीन ते पाच इंची, चपटी शेपटी हलवणारा, शिशाच्या डोक्यावर बसवलेला. लाट जरा मोठी असेल, पन्हळ खोल असेल, तर हा. वीस-पंचवीस ग्रॅमचं डोकं पुरतं. तळाला टेकलं पाहिजे, रुतलं नाही पाहिजे.

बाकी साहित्य साधं: मधल्या ताकदीची काठी, मध्यम रीळ, त्यावर पातळ विणलेला दोरा, आणि टोकाला दोन-तीन फूट फ्लुरोकार्बनचा पारदर्शक तुकडा. लांब पक्कड विसरू नये, या माशाचे दात खरे असतात.

## फेकणं आणि ओढणं

नवखा माणूस पाण्यात गुडघाभर शिरतो आणि जमेल तितकं लांब फेकतो. समुद्र मोठा आहे, मासा लांबच असणार, हा हिशोब. त्या नादात तो निम्म्या वेळा हॅलिबटच्या पाठीवर उभा असतो.

पहिले चार-पाच फेक कोरड्या वाळूवरून करावेत. एक डावीकडे तिरका, एक सरळ, एक उजवीकडे तिरका. तिरके जास्त, कारण त्यात आमिष पन्हळीच्या कडेने लांबवर प्रवास करतं. मग दहा-पंधरा पावलं सरकायचं. एकाच जागी अर्धा तास घालवणं म्हणजे रिकाम्या घराचं दार वाजवत बसणं.

ओढायचं सावकाश. कडक मासा दोन झटके देऊन थांबवायचा, पुन्हा दोन झटके. रबरी मासा तळाला टेकवत, उचलत आणायचा. हॅलिबटचा घास पुष्कळदा आमिष थांबलेलं किंवा खाली पडत असतानाच येतो. आणि शेवटच्या दोन वावांत घाई नको. आमिष पाण्याबाहेर काढायच्या क्षणी, वीतभर पाण्यातून, मागोमाग आलेला मासा वळून निघून गेल्याचं ज्यांनी पाहिलंय ते पुढे कधी ते घाईने उचलत नाहीत.

## लागल्यावर

आधी वाटतं शेवाळ अडकलं. नुसतं जड. मग डोकं हलल्याचे ठोके काठीतून हाताला येतात, आणि मग ते शेवाळ समुद्राकडे चालू लागतं. झटका देऊ नये, काठी वाकलेली ठेवावी, रिळाने दोरा सोडला तर सोडू द्यावा.

बहुतेक मासे सुटतात ते काठाशी. परतणाऱ्या पाण्याविरुद्ध चपट्या माशाला ओढणं म्हणजे फळी आडवी धरून ओढणं. लाट परतताना नुसतं धरून ठेवायचं; पुढची लाट आली की तिच्याबरोबर मागे मागे चालत जायचं. लाटच मासा वाळूवर आणून ठेवते.

## मोजपट्टी, परवाना, पाकट

कायद्याने 22 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 56 सेंटिमीटरपेक्षा लहान हॅलिबट ठेवता येत नाही. काठीवरच खूण करून ठेवावी. पॉइंट सरच्या दक्षिणेला दिवसाला 5 मासे, उत्तरेला त्याहून कमी. सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला पुळणीवरून गरवायला राज्याचा परवाना लागतो. दक्षिण कॅलिफोर्नियात 2012 पासून संरक्षित सागरी क्षेत्रांचं जाळं आहे आणि त्यातल्या काही पुळणींवर नि बटिकिटोससारख्या खाड्यांत गळ टाकायलाच बंदी आहे. आकडे आणि सीमा बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी मत्स्य विभागाचे चालू नियम बघायचे. मोठे मासे बहुतेक माद्या असतात. माप बसलं तरी फार मोठी सोडून देणारे लोक आहेत, आणि मला ते पटतं.

उथळात गोल पाकट वाळूखाली असतात. लाँग बीचजवळच्या सील बीचवर इतके, की त्या जागेला ‘रे बे’ असं टोपणनाव पडलं. पाऊल उचलून टाकू नये, घासत न्यावं. पाकट धक्का लागून निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं, आणि डॉक्टरला दाखवायचं.

मासा घरी नेलाच तर लेप्यासारखा अख्खा तव्यावर घालायला जाऊ नये. मधल्या काट्याच्या रेषेवर सुरी चालवली की वरून दोन, खालून दोन अशा चार पाट्या सुटतात, जाड, पांढऱ्या, घट्ट. डोकं आणि काटा सारासाठी बाजूला ठेवावा.