पाऊणपट तिथी आणि पहाटेचा चिखल

वाळवंटाच्या छायाचित्रणात पहाटेच्या प्रकाशाला जे मोल आहे, तेच ठाणे खाडीत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यांवरही आहे, कारण दोन्हीकडे झाड नाही, उंचवटा नाही आणि जमिनीचा पोत दाखवण्याचे काम एकट्या सावल्यांनाच करावे लागते. सूर्य क्षितिजापासून ५ अंश वर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे ११ पट लांब पडते. त्यामुळे ओसरत्या पाण्याने चिखलावर उठवलेली जेमतेम सेंटिमीटरभर वळीही वीतभराच्या निम्मी काळी रेघ ओढते, खेकड्याच्या बिळाभोवतीची मातीची गोळी ठसठशीत दिसते, आणि कच्छच्या रणाशी नाते सांगणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पावलांचे ठसे मोजता येतात. दुपारी याच चिखलाची सपाट करडी चादर होते.

तिरप्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात (यालाच रॅले विकिरण म्हणतात), म्हणून उरलेला प्रकाश तांबूस होतो. मात्र धूळ आणि बाष्पाचे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरत असल्याने ठाण्याच्या हिवाळी धुरक्यात तो तांबूसपणा फिकटतो. इथे वाळवंटाच्या कोरड्या हवेशी बरोबरी नाहीच. जो थोडा रंग उरतो, तोही कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स दोष समजून पुसू पाहतो. तो ‘डेलाइट’वर ठेवलेला बरा.

वेळही तुटपुंजा असतो. उष्ण कटिबंधात सूर्य बराचसा सरळ वर चढतो, त्यामुळे पहिले ५ अंश २०-२५ मिनिटांत सरतात, आणि त्यातलीही काही मिनिटे पारसिकच्या डोंगराआड जातात.

२०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ ठरलेल्या या खाडीत घड्याळाइतकेच पंचांगही पाहावे लागते. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना हिशेब. त्यानुसार द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सुमारे सव्वासहा तास आधी, सव्वासातला ओहोटी, आणि जानेवारीतला सूर्योदयही तेव्हाचाच. खाडीच्या आत पाणी थोडे उशिरा फिरते, एवढी सूट धरावी. अमावास्या-पौर्णिमेलगतच्या या उधाणाच्या दिवसांत चिखलही सर्वाधिक उघडा पडतो. अष्टमीला मात्र सकाळी सहाच्या सुमारास भरती असल्याने सूर्य उगवतो तेव्हा खाडी जवळपास भरलेलीच असते.