टिंबांची वही

सैतान म्हटलं की शिंगं आणि शेपूट असलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. रोजच्या जगण्यात तो असा भेटत नाही. तो भेटतो वजनकाट्याच्या पारड्यात, शेजाऱ्याबद्दलच्या कुजबुजीत, भावाशी धरलेल्या अबोल्यात. ख्रिस्ती परंपरेतल्या जाणत्यांनी हे ओळखलं होतं. त्यांतला मला सर्वांत व्यवहारी वाटतो तो इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचा संस्थापक. आपल्याला 'क्रिस्तपुराण' देणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे.

लोयोला मूळचा स्पेनमधला लढवय्या. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि तो अंथरुणाला खिळला. वाचायला हव्या होत्या शौर्यकथा. घरात मिळालं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं, की मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगावं, या विचाराचा आनंद मात्र विचार सरल्यावरही टिकतो. मागे काय उरतं, ते तो पाहू लागला.

पुढे त्यानं आध्यात्मिक साधनेवर पुस्तक लिहिलं. पोपनं १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातली एक पद्धत अगदी वाण्याच्या खतावणीसारखी आहे. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच धरायचा. समजा, राग. सकाळी उठताच निश्चय करायचा. तरीही राग आलाच तर छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही! दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर गेलेला वेळ तासातासानं आठवायचा आणि जितक्यांदा घसरलो तितकी टिंबं रेघेवर काढायची. दिवसाला दोन रेघा. मग कालची रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहायची.

नवव्या शतकात बगदादला हारिस अल-मुहासिबी हे सूफी होऊन गेले. स्वतःचा हिशेब घेणं म्हणजे मुहासबा. त्यावरून त्यांचं नाव पडलं. आपला 'हिशेब' त्याच अरबी मुळातला.

मात्र नुसत्या वहीनं पाप सुटतं, असं ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. कृपा देवाची. म्हणून दिवसाची उजळणी करताना लोयोला आधी देवाचे आभार मानायला सांगतो, दोष नंतर. शत्रूबद्दल तो सैनिकासारखंच बोलतो: किल्ल्याभोवती हिंडून तो तटाची कच्ची बाजू हेरतो. आणि फसव्या प्रियकरासारखी त्याला गुप्तता हवी असते. मनातली गोष्ट जाणत्या धर्मगुरूला सांगितली, की त्याचा डाव फसतो.

आजच्या कॅथलिक मिस्सेच्या आरंभी जी कबुली म्हणतात, तिच्यात विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला चौथी गोष्टही येते: जे करायला हवं होतं आणि केलं नाही. अबोला या चौथ्या खात्यातला. तिथं छातीवर हात नेमका कधी ठेवायचा, हे ठरवणं रागापेक्षा अवघड आहे.