विदूषकाच्या घरी पाळणा

संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा जिवलग सोबती खरा, पण त्याचा निम्मा जीव नेहमी मोदकांत गुंतलेला. समुद्रातला विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश, त्याच कुळीतला म्हणायला हरकत नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, चाल डुलत डुलत आणि भूक सदाची! २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने तो घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. ‘आपणही पाळू या ना!’ हा हट्ट मग ओघानेच आला.

मासा पाळणे निराळे आणि त्याचा वंश वाढवणे निराळे. पण हे दुसरे कामही अशक्य नाही. तामिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास करून दाखवली आहे. हौशी मंडळी ती घरच्या काचेच्या पेटीतही करतात. त्यात थोडे पुण्यही आहे. फिलिपाइन्स-इंडोनेशियाकडे शोभेचे मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड फवारण्याचे प्रकार झाले आणि त्यात प्रवाळही मेले. घरी जन्मलेल्या माशासाठी समुद्राला हात लावावा लागत नाही.

या माशांच्या संसारात सत्ता मालकिणीची. लहानपणी सारेच नराच्या वाटेवर असतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो. ती मेली तर यजमानच मादी होऊन घर सांभाळतात! म्हणून दुकानातून एक लहान व एक थोडे मोठे अशी दोन पिल्ले आणावीत. लग्न त्यांचे तेच जुळवतात. मात्र अंडी दिसायला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक वाट पाहावी लागते.

जोडप्याला सुमारे १०० लिटरची पेटी पुरते. क्लोरीन काढलेल्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे पेटीला साडेतीन किलो, मत्स्यपेटीसाठी मिळणारे सागरी मीठ घालावे. स्वयंपाकाचे मीठ चालणार नाही. उष्णता २६ ते २८ अंश ठेवावी. बाष्पाने पाणी घटले की भर साध्या पाण्याची घालावी, कारण उडून जाते ते पाणी, मीठ मागेच राहते. पेटी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू गाळणीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. चिमूटभर खाद्य टाकून तेवढे दिवस थांबावे. विरजण लागल्याशिवाय दही मागू नये. समुद्रात हे मासे समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतात. घरी एक आडवी ठेवलेली मातीची कुंडी पुरते. अंडी तिच्यावरच घातली जातात.

खरी मेख पुढेच आहे. पिल्लू जन्मते ते जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, आणि त्याचे तोंड किती असणार! बाजारचे खाद्य त्यात जात नाही. त्याला हवेत रोटिफर नावाचे जिवंत सूक्ष्म जीव, आणि रोटिफरना हवे हिरव्या सूक्ष्म शेवाळाचे पाणी. म्हणून अंडी दिसण्याआधीच रोटिफरच्या दोन बादल्या चालू असाव्यात. एकीतले मेले तर दुसरीवर भागते. ताटे मांडावीत आणि मगच पाहुण्यांना आवतण द्यावे, हेच या साऱ्या योजनेचे सूत्र. पाळणा फसतो तो बहुधा पेटी स्वस्तातली म्हणून नव्हे, तर ताट रिकामे म्हणून.

अंडी काही शेकडा असतात. बाप त्यांना परांनी वारा घालतो, खराब अंडी वेचून टाकतो. आठवडा-दहा दिवसांत अंड्यांतून चंदेरी डोळे चमकू लागले की समजावे, वेळ आली. पिल्ले बाहेर येतात ती दिवे मालवल्यावर, काळोखात. त्या संध्याकाळी कुंडी ४० लिटरच्या दुसऱ्या पेटीत हलवावी. तिच्यात पाणी आईबापांच्याच पेटीतले, बाजूंना काळा कागद, तळ मोकळा, आणि बापाच्या परांऐवजी अंड्यांखाली हवेचे बारीक बुडबुडे. जोराची गाळणी नको, पिल्ले तिच्यात ओढली जातील. त्याऐवजी रोज थोडे पाणी बारीक नळीने बदलावे. उजेड मंद ठेवावा आणि रोटिफर कधी संपू देऊ नयेत. आठवड्याभराने आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्ले खाऊ घालावीत. दहा-पंधरा दिवसांत अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो. तो दिसला की निम्मी लढाई जिंकली.

वीज गेली तर हवा चालू राहावी म्हणून बॅटरीवरचा पंप घरात असू द्या. सुटीत गावी जायचे असेल तर बादल्यांची पाळी कोणाकडे, हे आधी ठरवा. आणि शंभर पिल्ले जगली तर ती कोणाला देणार, याचाही विचार करून ठेवा. मुलांचा हट्ट दोन दिवसांचा असतो, पिल्लांची भूक मात्र रोजची. ती भागवायची तयारी ज्या घरात आहे, त्या घराने हा पाळणा खुशाल बांधावा.