कॅन्सरवर संशोधन कशाचं करायचं? ब्रिटनमध्ये तरुण पेशंटनाच विचारलं

वीस-बावीस वर्षांच्या पोराला कॅन्सर निघाला की अडचण वॉर्डापासूनच सुरू होते. लहान मुलांच्या वॉर्डात तो बसत नाही आणि मोठ्यांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर साठीतले आजोबा. कॉलेजची परीक्षा, नवी नोकरी, ठरत आलेलं लग्न हे सगळं नेमकं याच वयात. म्हणूनच काही देशांत या वयाचा वेगळा विचार होतो. ब्रिटनमध्ये १३ ते २४, तर अमेरिकेत १५ ते ३९ असा गट धरतात. किशोरवयीन पेशंटसाठी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये १९९० मध्येच वेगळा विभाग सुरू झाला होता.

पण संशोधन कशावर करायचं, हे बहुतेक वेळा डॉक्टर, प्राध्यापक आणि पैसे देणाऱ्या संस्थाच ठरवत आल्या. ब्रिटनमधल्या 'जेम्स लिंड अलायन्स'ची पद्धत वेगळी आहे. पेशंट, घरचे लोक आणि डॉक्टर-नर्स यांना एकाच टेबलावर बसवून प्रश्नांचा क्रम लावायचा. (लिंड हे जहाजावरचे डॉक्टर. १७४७ मध्ये त्यांनी स्कर्व्ही झालेल्या खलाशांना संत्री-लिंबू देऊन फरक तपासला होता.)

तरुणांच्या कॅन्सरसाठी हीच पद्धत वापरली गेली. २९२ जणांनी ८५५ प्रश्न पाठवले. उत्तर आधीच सापडलेले आणि पुन्हापुन्हा आलेले प्रश्न बाजूला काढले, उरलेल्यांवर दुसरं सर्वेक्षण झालं. शेवटी ३० प्रश्न घेऊन सगळे एकत्र बसले आणि पहिले दहा ठरले. २०१९ मध्ये ही यादी प्रसिद्ध झाली.

यादीत एक नंबरला नवं औषध नाही. उपचार चालू असताना आणि नंतर मनाला कोणता आधार खरोखर उपयोगी पडतो, हा प्रश्न पहिला आहे. दुसरा, उपचारांचे दुष्परिणाम कमी कसे करायचे. पुढे शिक्षणात किंवा कामावर परत जाताना कशाची मदत होते, हाही आहे. कमी त्रास देणारी नेमकी औषधं कोणती, हा प्रश्न आला दहाव्या नंबरला. नुसत्या तज्ज्ञांना विचारलं असतं तर हाच क्रम लागला असता का, शंकाच आहे.

'ब्राइटलाइट' या इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासाची आखणीही तरुण पेशंटना सोबत घेऊनच झाली. त्याच्या माहितीवरून २०१८ मध्ये निघालेला एक निष्कर्ष आपल्याकडच्या आईबापांनीही वाचावा असा आहे. सुमारे २७ टक्के तरुण पहिलं लक्षण दिसल्यावर महिन्याहून जास्त काळ डॉक्टरकडे गेलेच नाहीत. आणि जे फॅमिली डॉक्टरकडे गेले, त्यांतल्या सुमारे ३५ टक्क्यांना पुढे पाठवण्याआधी तीन किंवा जास्त खेपा घालाव्या लागल्या. 'या वयात कसला कॅन्सर' हे वाक्य आपल्याही ओळखीचं आहे.

भारतात औषधाच्या चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. पण तिथे प्रस्ताव आधीच तयार असतो. तो सुरक्षित आहे का, पेशंटवर अन्याय होत नाही ना, एवढंच बघायचं. प्रश्नच पेशंटने ठरवणं ही त्याच्या फार आधीची पायरी आहे.

ब्रिटिश यादीतला सहावा प्रश्न तर सीमाभागातूनच गेल्यासारखा वाटतो. मोठ्या खास केंद्राबाहेर उपचार घेणाऱ्या तरुणांना व्यवहारातला आणि मनाचा आधार कसा पोचवायचा? बेळगाव, निपाणीकडचा पेशंट कधी मिरजेला, कधी मुंबईला टाटात, कधी बंगळुरूला जातो. मग भाषा बदलते, सरकारी योजनेचं कार्ड चालेल की नाही हा घोर वेगळा. केमो संपवून पोरगा गावी आला की पुढे विचारायचं कुणाला, ते फाइलवर लिहिलेलं नसतं.

काही गोष्टी मात्र संशोधनाची वाट न बघता विचारता येतात. काही केमो औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते. वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवायची सोय आहे, पण ते पहिल्या केमोच्या आधी करावं लागतं. लाजेपायी घरचे गप्प राहतात, घाईत डॉक्टरकडूनही राहून जातं. पहिल्या केमोची तारीख घेतानाच हे विचारून घ्यावं, आणि पोराला किंवा पोरीला त्या वेळी बाहेर बसवू नये.