थंडीच्या दिवसांत घरच्या वेल्डिंग मशीनचा वापर व निगा

रब्बी हंगामात कल्टिव्हेटरचा फण, वखराची पास, ट्रॉलीचा हूक अशी मोडतोड चालूच असते. हर्सूलसारख्या शहरालगतच्या भागात वर्कशॉप जवळ असले तरी ऐन कामात अर्धा दिवस मोडतो. म्हणून अनेक शेतकरी घरीच लहान वेल्डिंग मशीन ठेवतात. थंडीत मात्र ते वापरताना काही गोष्टींची काळजी घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याखाली उतरतो आणि दुपारी ऊन चांगले तापते. या चढउतारामुळे थंड लोखंडावर, रॉडवर व मशीनच्या आत दव धरते. थंडीतील बहुतेक बिघाडांचे मूळ हा ओलावा आहे.

रॉड कोरडे ठेवा

ओलसर रॉड तडतडतो, ठिणग्या जास्त उडतात आणि जोडात बारीक छिद्रे पडतात. ओलाव्यातील हायड्रोजन गरम धातूत शिरतो. जाड किंवा कडक पोलादाचा जोड त्यामुळे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी तडकतो. वरून चांगला दिसणारा हूक भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावर तुटला तर जीवावर बेतते.

१) आय.एस.आय. चिन्हाचे रॉड घ्यावेत. उघडलेला पुडा झाकणाच्या डब्यात ठेवावा, जमिनीवर ठेवू नये.
२) साधे ६०१३ रॉड ओलसर वाटल्यास सुमारे १०० अंशांवर अर्धा ते एक तास तापवावेत. ७०१८ रॉडला ३०० ते ३५० अंशांवर एक ते दोन तास लागतात. ही सोय नसल्यास ७०१८ चा नवीन बंद पुडाच वापरावा.
३) लेपावर पांढरी बुरशीसारखी भुकटी आलेले किंवा लेप सुटलेले रॉड टाकून द्यावेत.

थंड लोखंड आधी तापवा

जाड थंड लोखंड जोडाची उष्णता झपाट्याने ओढून घेते. रॉड वर साचतो, पण खाली मुरत नाही. म्हणून गंज, माती, तेल काढून भाग प्रथम कोरडा करावा. साधे पातळ लोखंड हाताला कोमट लागेपर्यंत तापवले तरी पुरते. फाळ, पास यांसारखे जास्त कार्बनचे पोलाद १५० ते २५० अंशांपर्यंत तापवावे. तापमान दाखवणारा खडू वापरल्यास अंदाज चुकत नाही. जोड झाल्यावर भाग कोरड्या राखेत पुरून हळूहळू थंड होऊ द्यावा. घाईने पाणी ओतू नये, जोड ठिसूळ होतो. पाणी दिलेल्या धारेजवळ वेल्डिंग केल्यास धारेचे पाणी उतरते, हेही लक्षात ठेवावे.

विजेचा दाब

रब्बीत अनेक पंप एकाच वेळी चालतात व दाब पडतो. रॉड चिकटतो म्हणून करंट वाढवून ठेवल्यास दाब सुधारताच लोखंडाला भोक पडते. साधारणपणे २.५ मि.मी. रॉडला ६० ते ९० आणि ३.१५ मि.मी. रॉडला ९० ते १३० अँपिअर करंट पुरतो. लांब व बारीक एक्स्टेन्शन वायर टाळावी. जाड वायर वापरावी व गुंडाळी पूर्ण उलगडावी. मशीनवर ६० टक्के ड्युटी सायकल लिहिली असेल, तर त्या करंटवर दर १० मिनिटांत ६ मिनिटेच काम करावे.

मशीनची निगा

१) मशीन खताच्या गोण्यांजवळ ठेवू नये. खत ओल ओढते व तांब्याचे भाग खराब होतात.
२) थंड शेडमधील मशीन उबदार, दमट जागी आणल्यास लगेच सुरू करू नये. आतील दव सुकू द्यावे.
३) प्लग काढून महिन्यातून एकदा कोरड्या हवेने धूळ व भुसा उडवावा. हवेचा जोर बेताचा ठेवावा.
४) थंडीत प्लास्टिकची केबल ताठ होते. ती ओढून वाकवू नये. चिरा व उंदरांनी कुरतडलेल्या जागा तपासाव्यात.
५) अर्थिंग पक्के असावे. ओल्या जमिनीवर उभे राहून वेल्डिंग करू नये.
६) अर्थ क्लॅम्प जोडाजवळच लावावा. ट्रॅक्टरवर काम करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

जीव व कडबा सांभाळा

थंडी वाजते म्हणून शेडची दारे बंद करू नयेत, धूर कोंडतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा धूर विशेष त्रासदायक असतो. आधी मुलामा घासून काढावा. नायलॉनचा स्वेटर व मफलर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. त्याऐवजी जाड सुती कपडे, बूट, हातमोजे व काळ्या काचेची ढाल वापरावी. ठिणगी १० मीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून कडब्याची गंजी त्याहून दूर असावी. जवळ पाण्याची बादली व वाळू ठेवावी, मात्र चालू मशीनवर पाणी टाकू नये. काम संपल्यावर अर्धा तास आजूबाजूला लक्ष ठेवावे. डिझेलच्या रिकाम्या टाकीला घरी कधीही वेल्डिंग करू नये, ती फुटते.

ट्रॉलीचा हूक, ब्रेक व स्टिअरिंगचे जोड कसबी वेल्डरकडूनच करून घ्यावेत. बाकीची दुरुस्ती दव सुकल्यावर, सकाळी दहानंतर करावी. जोड टिकतो व मशीनही अनेक वर्षे साथ देते.